इग्रा पॉझिटिव्ह आली, त्रास काहीच नाही. गोळ्या घ्यायच्या का?

नाइटवाली:

मी स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड, नोकरीला पाच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात माझी इग्रा, म्हणजे क्षयाच्या संसर्गाची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली. म्हणजे क्षयाचे जंतू आत शिरून बसलेत, पण आजार नाही. एक्स-रे साफ. ताप नाही, खोकला नाही, वजन आहे तेवढंच (दुर्दैवाने). प्रश्न शेवटी विचारते. आधी काय झालं ते सांगते, कारण नुसता रिपोर्ट सांगितला की लोक नुसत्या रिपोर्टचंच उत्तर देतात.

आमच्याकडे एक आजोबा पायाच्या जखमेसाठी दाखल झाले. मधुमेह जुना, साखर चारशेच्या वर, अंगठा काळा पडलेला. सगळ्यांचं लक्ष पायाकडे. खोकला होता, पण चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाला खोकला नसेल तरच नवल, असं राउंडला कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच मिटला. केसपेपरवर ‘क्रॉनिक स्मोकर’ लिहिलं गेलं. त्या दोन शब्दांनी पुढचे अकरा दिवस खाल्ले.

त्यातल्या चार नाइट माझ्या होत्या. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला त्यांना धाप लागली. नेब्युलायझर लावला. त्याचा मास्क सारखा नाकावरून घसरत होता, म्हणून इलॅस्टिक मागे ओढून गाठ मारायला मी त्यांच्यावर वाकले आणि नेमकी तेव्हाच उबळ आली. माझ्या चष्म्यावर बारीक तुषार उडाले. मी चष्मा पुसला, हात धुतले, चार्टवर वेळ टाकली आणि पुढच्या बेडकडे गेले. तोंडावर साधा निळा सर्जिकल मास्क, तोही रात्री आठपासून तोच. त्यांच्या बेडमागची खिडकी बंद, कारण वॉर्डला एसी बसला तेव्हाच सगळ्या खिडक्यांना स्क्रू ठोकले गेले.

अकराव्या दिवशी अंगठ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी छातीचा एक्स-रे मागितला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला चांगली मोठी पोकळी. थुंकी तपासली, तीन प्लस, म्हणजे जंतूंचा नुसता खच.

मग जी पळापळ झाली! दुपारपर्यंत बेड वेगळ्या खोलीत, दारावर लाल पाटी, स्टोअरमधून एन-९५ चे खोके बाहेर. आदल्या रात्रीपर्यंत जो माणूस आमच्या अंगावर खोकत होता, त्याला पाणी द्यायला आता लोक दोन-दोन मास्क चढवून जात होते. औषध सुरू होऊन आठवडा उलटला तरी तेच. आमच्यातल्या एकीने त्यांनी सही केलेलं पेन त्यांच्यासमोरच कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकलं. आजोबा बघत होते. “सिस्टर, मी मुद्दाम नाही केलं हो,” एवढंच म्हणाले. मला काही बोलायला सुचलं नाही.

आता माझं. नोकरीला लागताना इग्रा केली होती, आकडा ०.०६. आजोबांचं निदान झाल्यावर दहा आठवड्यांनी परत केली, १.८७. कटऑफ ०.३५. माझ्याच पाळीतल्या दुसऱ्या सिस्टरची ०.४१ आली, म्हणजे तीही पॉझिटिव्ह. दोघींच्या हातात सारखाच कागद: फिजिशियनना भेटा. फिजिशियन म्हणाले, “अहो, आपल्या लाइनमध्ये सगळेच पॉझिटिव्ह असतात. खोकला आला तर या.” ऑफिसमध्ये सांगितलं तर तिथून उलट प्रश्न, “घरी कुणाला आहे का ते बघितलंत का?”

घरी अडीच वर्षांची मुलगी आहे. गेले आठ दिवस मी तिच्याकडे पाठ करून झोपते. ती माझा चेहरा हाताने आपल्याकडे वळवते आणि मी परत फिरवते.

तर विचारायचंय ते असं. त्रास नसताना गोळ्या घ्याव्यात का, की खरंच वाट बघायची? मुलीला माझ्यापासून धोका आहे का? मैत्रिणीचं आणि माझं एकच आहे का? आणि शेवटचं, ज्याचं उत्तर कुणीच देत नाही: त्या रात्री मी काय वेगळं करायला हवं होतं?


सहज_वाचक:

लहानपणी बीसीजी टोचली असेलच ना ताई? टेस्ट त्यामुळेच पॉझिटिव्ह आली असणार. टेन्शन नका घेऊ. प्राणायाम करा, प्रतिकारशक्ती वाढवा, सगळं ठीक होईल.


खोकून_दाखवा:

(छातीचा डॉक्टर. याच एका धंद्यात बावीस वर्षं.)

सहज वाचक, बीसीजीमुळे घोळ होतो तो हातावर टोचून करतात त्या मान्टू चाचणीत. इग्रात नाही. इग्रात तुमच्या रक्तातल्या पेशींपुढे क्षयाच्या जंतूची ठरावीक प्रथिनं ठेवतात आणि त्या पेशी खवळतात का ते मोजतात. ती प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतातच. शिवाय बीसीजीचं खरं काम लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवणं. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाची हमी ती देत नाही. १९२१ पासून ही लस माणसांना देतात आणि हा गैरसमजही साधारण तेवढाच जुना असावा.

नाइटवाली, ०.०६ वरून १.८७ म्हणजे रेंगाळलेला आकडा नव्हे, उडी आहे. तुम्हाला संसर्ग झाला आणि तो बहुधा नुकताच झाला. मैत्रिणीचं ०.४१ उंबरठ्यावरचं आहे. या चाचणीत रक्ताची नळी नीट हलवली का, इन्क्युबेटरमध्ये जायला किती वेळ लागला, यानेही आकडा एवढा-तेवढा सरकतो. उंबरठ्यावरची पॉझिटिव्ह पुन्हा केल्यावर निगेटिव्ह आलेली मी खूप पाहिली आहे. तिची परत करा आणि मग ठरवा. मात्र तीही त्या बेडवर तुमच्याइतकीच वाकली असेल तर केवळ आकडा लहान म्हणून सोडून देऊ नका.

आता तुमच्या फिजिशियनसाहेबांचं वाक्य. ‘सगळेच पॉझिटिव्ह असतात’ यात अर्धं खरं आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये सुप्त संसर्ग सरासरी ५४ टक्के निघाला होता. पण पंधरा वर्षांपूर्वी कधीतरी पॉझिटिव्ह झालेला आणि अडीच महिन्यांपूर्वी झालेला यांना एका रांगेत उभं करता येत नाही. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांना जन्मात कधीतरी आजार होतो आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना पहिल्या दोन वर्षांत. तुमची ती दोन वर्षं आत्ता सुरू झाली आहेत. ‘खोकला आला तर या’ याचा अर्थ, आणखी चार जणांच्या अंगावर खोकून झाल्यावर या.

म्हणून माझं मत: घ्या.

पण त्याआधी आजोबांचा जीनएक्स्पर्टचा रिपोर्ट मिळवा, म्हणजे जंतू रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतात का ते सांगणाऱ्या थुंकीच्या चाचणीचा. तुमच्या अंगात आहेत ते बहुधा त्यांचेच जंतू. रिफाम्पिसिनला दाद न देणारे असतील तर नेहमीच्या गोळ्या तुमच्या कामाच्या नाहीत. तिथे २०२४ पासून डब्ल्यूएचओ सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन सुचवते. हा एक कागद न बघता गोळ्या लिहून देणारे बरेच आहेत, म्हणून आधी सांगतोय.

साधे जंतू असतील तर एक रस्ता रोज आयसोनियाझिड, सहा महिने. दुसरा, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, बारा डोस, खेळ खल्लास. पाळ्या फिरणाऱ्या माणसाला मी दुसरा देतो. रोजची गोळी डे, इव्हिनिंग, नाइटच्या चक्रात हमखास हुकते. रिफापेंटिनने लघवी केशरी होते, घाम आणि अश्रूसुद्धा, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्या भरवशाच्या राहत नाहीत, दुसरी सोय करा. सोबत बी-६ घ्या, नाहीतर आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात. यकृताच्या तपासण्या आधी करून ठेवा. अन्न नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे वाटले, तर त्याच दिवशी गोळी थांबवायची आणि फोन करायचा. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

मुलीचं उत्तर खरं तर सगळ्यात आधी द्यायला हवं होतं. सुप्त संसर्ग तुमच्यापासून कुणालाही लागत नाही. श्वासातून नाही, पाप्यातून नाही, एका ताटात जेवल्याने नाही. आज रात्री तिच्याकडे तोंड करून झोपा.


नाइटवाली:

डॉक्टर, शेवटची ओळ मी तीनदा वाचली. आभार मानायला शब्द नाहीत.

रिपोर्ट मिळाला. रिफाम्पिसिनला दाद देणारे जंतू आहेत. मैत्रिणीची इग्रा सोमवारी परत करतोय. पण मला अजून पेनाचा तो प्रकार डोक्यातून जात नाही. आम्ही घाबरलो ते बरोबर होतं की चूक? आणि मी त्या रात्री एन-९५ घातला असता तर?


थुंकी_टेबल:

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी दुसरी सांगतो. मला प्रत्यक्ष आजार झाला होता.

पाच आठवडे खोकला. रोज इतरांच्या थुंकीच्या स्लाइड बघणारा माणूस मी, पण स्वतःसाठी कारणं तयार होती: धूळ, एसी, हवामान. ओळखीच्या डॉक्टरांकडून लेव्होफ्लॉक्सासिन लिहून घेतलं. दहा दिवस इतकं बरं वाटलं की मी खूश. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी इथे थांबा. वर डॉक्टरांनी म्हटलेलं हेच ते औषध. क्षयाच्या जंतूला ते अर्धवट मारतं, आजार थोडा झाकतं आणि निदान पुढे ढकलतं. खोकल्याला हाताशी आलं म्हणून हे औषध घेऊ नका.

मग खोकला परत सुरू झाला. एका रात्री सगळे गेल्यावर मी डबीत थुंकी घेतली आणि लेबलवर ‘ट्रायल’ लिहिलं. स्वतःचं नाव लिहायचा धीर झाला नाही. स्लाइड केली, लाल रंग चढवला, आम्लाने धुतली, निळा चढवला. शंभर ऑइल फील्ड (भिंगाखाली एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) बघायची पद्धत आहे, मला तिसऱ्याच फील्डमध्ये दिसले. निळ्यावर बारीक लाल काड्या, किंचित वाकलेल्या, दोन एकमेकींना चिकटून. रोज बघतो त्याच. तरी मी उठून लेन्स पुसून आलो. पुढे मोजल्या, एकेका फील्डमध्ये तीन-चार. आमच्या भाषेत टू प्लस. रजिस्टर उघडं होतं, त्यात नोंद कुठल्या नावाने करायची यावर मी बराच वेळ बसून राहिलो.

कुठून आला? सांगता येणार नाही. स्लाइड वाचताना काही होत नाही, जंतू तिथे मेलेले असतात. धोका असतो डबी उघडताना, नमुना घुसळताना, सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवणारं यंत्र) थांबल्याथांबल्या झाकण काढताना. आमच्या सुरक्षा कॅबिनेटचा फिल्टर कधी तपासला होता ते कुणालाच आठवत नव्हतं. ‘घाई आहे, रिपोर्ट द्या’ म्हणून मीही कितीदा सेंट्रिफ्यूज थांबताक्षणी उघडला आहे. दोष सगळा दुसऱ्यांवर ढकलत नाही.

सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे दोन. बरा झालो, आता आठ वर्षं झाली. पण माझी रजा सगळी माझ्याच खात्यातून गेली. कारण काय, तर नोकरीला लागताना माझी कुठलीच चाचणी झाली नव्हती, त्यामुळे ‘तुम्हाला आधीपासूनच असेल’. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या २०१० च्या यादीत क्षय आहे. हे मला नंतर कळलं, आणि कळून तरी काय, हातात कागद नव्हता. नाइटवाली ताई, तुमच्याकडे ०.०६ चा कागद आहे. तो सोन्यासारखा जपा. आजोबांच्या बेडवर तुमच्या कुठल्या चार नाइट होत्या ते ड्युटी रजिस्टरवरून उतरवून, तारखांसकट लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. भांडायला नको. नुसती पोच घ्या.


निवृत्त_इन्चार्ज:

मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली. त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. पोरी, तू विचारतेस काय वेगळं करायला हवं होतं. रात्री दोनला तुझ्या हातात करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. जे करायचं ते पहिल्या दिवशी, दाखल करून घेताना करायचं होतं.

मी माझ्या वॉर्डला एक शिस्त लावली होती. माणूस पाय मोडून येवो, पोटदुखीने येवो, प्रसूतीला येवो, प्रत्येकाला चार प्रश्न: खोकला किती दिवस? ताप येतो का? रात्री घाम फुटतो का? कपडे सैल झालेत का? वजन विचारलं की लोकांना सांगता येत नाही, कपड्यांचं बरोबर सांगतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटला की सिगारेट ओढो नाहीतर न ओढो, त्याच दिवशी थुंकी, आणि तोंडाला मास्क. त्याच्या तोंडाला बरं का, माझ्या नव्हे. साधा सर्जिकल मास्क खोकणाऱ्याला लावला तर तुषार तिथल्या तिथे अडतात. तोच मास्क आपण लावला तर हवेत तरंगणारं बारीक काही अडत नाही, कडांमधून आत येतं. तू त्या रात्री लावलेला निळा मास्क चुकीच्या माणसाच्या तोंडावर होता, एवढंच.

मधुमेही माणूस, त्यात खोकला, त्यात सिगारेट. तिन्ही गोष्टी क्षयाकडे बोट दाखवणाऱ्या. आपण मात्र सिगारेट बघितली की खोकल्याची फाइल बंद करतो. हे मीही केलंय, एकदा. त्याबद्दल लिहिणार नाही.

एन-९५ विषयी. घातला असतास तर फायदा होता, पण तो नीट बसला असता तर. आमच्याकडे निम्मी मंडळी खालचा पट्टा गळ्याखाली लोंबत ठेवायची, केस बिघडतात म्हणून. डॉक्टर पोरं दाढी ठेवून वर एन-९५ लावायची. दाढीच्या केसांमधून हवा आत येते, मग तो मास्क लावून उपयोग काय? दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोड. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकावरची पट्टी दाब. चष्मा धुकटला तरी समजायचं की कडा उघडी आहे. मास्क धुवायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही, कागदी पिशवीत ठेवायचा. आणि तो नेब्युलायझर, सक्शन, थुंकी घेणं, नळी घालणं, या वेळी आठवणीने लावायचा. माणूस खोकेल असं आपणच जेव्हा काही करतो, तेव्हा.

पण माझा खरा राग खिडकीवर आहे. मास्क प्रत्येकाने प्रत्येक वेळी नीट लावायला लागतो. खिडकी एकदा उघडली की ती रात्रभर सगळ्यांसाठी काम करते, आळस करत नाही. उदबत्ती घेऊन खिडकीत उभी राहा. धूर कुठे जातो ते बघ. आत येऊन तुझ्या टेबलाकडे येत असेल तर टेबलाची जागा बदल. पेशंटवरून बाहेर जात असेल तर ठीक. मग घड्याळ लावून धुराला एक मीटर जायला किती वेळ लागतो ते मोज. समज चार सेकंद लागले, आणि खिडकीचा उघडा भाग एक चौरस मीटर आहे, समोरच्या बाजूचं दारही उघडं आहे. म्हणजे सेकंदाला पाव घनमीटर हवा, तासाला ९००. खोली सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच, म्हणजे ९० घनमीटर. तासात दहा वेळा हवा बदलली. एक रुपया खर्च नाही. खोलीत चार बेड असतील तर माणशी सेकंदाला साठ लिटरच्या वर हवा मिळाली. डब्ल्यूएचओने २००९ साली साध्या वॉर्डासाठी साठच सांगितलंय आणि क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या खोलीसाठी १६०.

आता एसी. भिंतीवरचा एसी आतलीच हवा गार करून परत आत सोडतो, बाहेरची घेत नाही. तासाला दोनदाच हवा बदलणाऱ्या खोलीत माणूस बाहेर नेला तरी हवेतले ९९ टक्के जंतू जायला १३८ मिनिटं लागतात. बारा वेळा बदलली तर २३ मिनिटं. तुमच्या स्क्रू ठोकलेल्या वॉर्डात काय होत असेल ते तूच बघ. आमच्या जुन्या इमारतीचं छत उंच, खिडक्या माणसाच्या दुप्पट. लोक तिला भूतबंगला म्हणायचे. पेरूमध्ये लिमा शहरातल्या इस्पितळांची हवा मोजून २००७ साली शोधनिबंध निघाला. त्यात १९५० च्या आधीच्या उंच छताच्या खोल्यांत तासाला चाळीस वेळा हवा बदलत होती आणि नव्या बांधणीच्या खोल्यांत सतरा वेळा. खिडक्या लावून घेतल्या की दीड वेळा.


खोकून_दाखवा:

सिस्टर, ती दाढीची ओळ आमच्या विभागात छापून लावतो. मीही दाढीवाला आहे, उद्या उतरवतो.

नाइटवाली, पेनाबद्दल. पेनातून क्षय पसरत नाही. चादर, ताट, दाराची कडी, कशातूनही नाही. तो लागतो हवेत तरंगणाऱ्या जंतूंमुळे. हे कसं सिद्ध झालं ते ऐकण्यासारखं आहे. १९५० च्या दशकात बाल्टिमोरला वेल्स आणि रायली यांनी सहा बेडच्या क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने गच्चीवर नेली आणि तिथे पिंजऱ्यात गिनीपिग ठेवले. त्यांनी रुग्ण कधी पाहिला नाही, शिवला नाही, फक्त ती हवा घेतली. त्यांना क्षय झाला. शेजारच्या पिंजऱ्याला तीच हवा अतिनील दिव्यासमोरून जाऊन मिळत होती, तिथले ठणठणीत राहिले. पुढे हिशोब लावला तेव्हा बहुतेक लागण मोजक्याच रुग्णांकडून झालेली निघाली. आणि ज्यांना लागू पडणारं औषध चालू होतं त्यांच्याकडून जवळपास नाहीच.

तुमच्या वॉर्डात नेमकं उलटं झालं. धोका अकरा दिवस होता तेव्हा भीती नव्हती. औषध सुरू झालं, धोका दिवसागणिक उतरत गेला, तेव्हा भीती सुरू झाली. आठवड्याने एन-९५ लावणं चूक नव्हतं, नियम तसाच आहे, थुंकी साफ होईपर्यंत लावायचा. पेन टाकणं मात्र चूक.

तो मान्टू, इग्राचा मुद्दा निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. नॉर्वेत ऑस्लोच्या इस्पितळात हाइमबेक नावाचे डॉक्टर १९२४ पासून शिकाऊ नर्सना येताना आणि जाताना तपासत. येताना साधारण निम्म्या पॉझिटिव्ह असत. शिक्षण संपवून बाहेर पडताना जवळजवळ सगळ्या. त्याआधी लोक म्हणायचे की नर्सना क्षय त्यांच्या नाजूक प्रकृतीमुळे होतो. शंभर वर्षांनी तुम्हाला विचारलं, घरी कुणाला आहे का.


नाइटवाली:

उशिरा लिहितेय, नाइट चालू होत्या.

मैत्रिणीची दुसरी इग्रा ०.१९ आली. ती एवढी रडली की लॅबवाल्यांना वाटलं पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांशी बोलून सध्या तिला नुसतं लक्ष ठेवायला सांगितलंय. मी बाराचा कोर्स घेतला. दर शनिवारी. पहिल्या डोसनंतर संध्याकाळी अंग मोडून आलं, दुसऱ्या दिवशी ठीक. लघवीचा रंग बघून, आधीच माहीत असूनही, दचकले. दोन झाले, दहा राहिले.

अर्ज दिला. पोच मिळायला तीन फेऱ्या झाल्या, पण शिक्क्यासकट मिळाली. थुंकी टेबल दादा, ०.०६ चा कागद लॅमिनेट करून ठेवलाय.

दाखल करताना विचारायच्या चार प्रश्नांचा कागद मी ट्रॉलीला चिकटवला. कपड्यांचा प्रश्न खरंच चालतो! पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी साडीच्या निऱ्या आता दोन जास्त येतात म्हणून सांगितलं. त्यांची थुंकी निगेटिव्ह आली, पण त्याच दिवशी गेली. खिडक्यांसाठी इन्चार्जच्या सहीने पत्र दिलं. मेंटेनन्सचे काका आले, एका खिडकीचे सहापैकी पाच स्क्रू निघाले. सहावा गंजलाय, त्याचं डोकं झिजलं. पुढच्या आठवड्यात ड्रिल घेऊन येतो म्हणालेत.

आणि आजोबा काल ड्रेसिंगला आले होते. अंगठा गेला, पण थुंकी निगेटिव्ह झाली आहे. मी बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले. रजिस्टरमध्ये सही हवी होती म्हणून माझं पेन पुढे केलं. त्यांनी मान हलवली आणि खिशातून स्वतःचं काढलं.